हमीदा बानू पहिलवान आणि तत्कालीन लोकमत

इ. स. १९५४ च्या मे महिन्याच्या आरंभीं बडोदें येथें एक कुस्ती झाली. ती अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत निकालास लागली. जिंकली ती अलीगडची हमीदा बानू. हरला तो बाबा पहिलवान नांवाचा पुरुष. निकाल लागतांच, पहिलवान आतां बाईंच्या वरांच्या यादींतून बाद झाला, असें पंचानें जाहीर केलें. याचें कारण असें कीं, त्याच वर्षाच्या फेब्रुवारीपासून बाईंच्या नांवें एक पुकारा चालू होता : जो कोणी मला कुस्तींत हरवील त्याच्याशीं मी लग्न करीन. बडोद्यापूर्वीं पतियाळा व कलकत्ता येथील दोन मल्ल या पणास लागून हरलेले होते. बाबा पहिलवानानें ही आपली शेवटचीच कुस्ती असें सांगून आखाड्यास रामराम ठोकला. ही वार्ता तारेनें परदेशीं गेली आणि तेथील वर्तमानपत्रांनीं ती मोठ्या कौतुकानें छापली.

प्रस्तुत लेखाचा विषय बाईंचा पराक्रम हा नव्हे. तो पाहून लोक काय बोलले, कसे वागले, आणि त्या बोलण्या-वागण्याचीं मुळें आपल्या जुन्या वाङ्मयांत कोठवर जातात, हें पाहण्याचा आमचा हेतु आहे. अत्यंत बलिष्ठ स्त्रीचें दर्शन होतांच समाजाच्या मनांत जी खळबळ उडते ती आजकालची नाहीं. परंतु तिचा पुरावा आमच्या संशोधकांनीं कधीं जुळवून पाहिलेला नाहीं. सनदा, महजर व करीने यांवर आमची मंडळी जितका जीव टाकतात त्याचा शतांशही ती दंगलीच्या हातपत्रकांवर टाकीत नाहींत. आमच्या एका संग्राहक स्नेह्याकडे मोडी कागदांचा एक रुमाल सोडतां सोडतां, आंत दोन कागदांच्या मध्यें पुठ्ठ्यासारखी घडी घालून बसविलेलें एक जुनें कुस्त्यांचें पत्रक आमच्या हातीं आलें. त्यावर जोडींचीं नांवें, तिकिटांचे दर व मैदानाचें ठिकाण होतें. तारखेचा भाग फाटून गेलेला होता. स्नेही म्हणाले, तें टाकून द्या. आम्ही तें मागून घेतलें. त्यांत स्त्रीमल्लाचें नांव नाहीं हें येथेंच सांगून टाकतों; परंतु असलाच कागद आमच्या विषयाचें खरें अस्सल साधन होय, एवढें त्या प्रसंगानें आमच्या ध्यानीं आलें.

आतां मूळ विषयाकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जाणें अवश्य आहे.

कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील. त्यांत मल्लविनोद या नांवाचें प्रकरण आहे. मल्लांचे वय, देह व बळ यांवरून केलेले वर्ग, त्यांचा व्यायाम, त्यांना राजानें पुरवावयाचें अन्न, म्हणजे कडधान्यें, मांस, दूध, मिष्टान्नें, हें सर्व तेथें दिलें आहे. आणि मल्लांस राजवाड्यांतील स्त्रियांपासून अलग ठेवावें असेंही सांगितलें आहे. हा शेवटचा विधि आमच्या दृष्टीनें महत्त्वाचा. मल्लविद्येचा संसार स्त्रीला बाहेर ठेवूनच मांडलेला होता. पुढें आखाड्यांत मारुतीची स्थापना झाली, लंगोट हें ब्रह्मचर्याचें चिन्ह ठरलें, आणि आखाड्याच्या लाल मातींत बाईनें पाऊल टाकूं नये हा दंडक रूढ झाला. त्या दंडकाचें बीज मल्लविनोदांत आहे, असें आम्हांस वाटतें.

याच्या उलट साक्ष विजयनगरची आहे. फेर्नांव नूनिश हा पोर्तुगीज अच्युतरायाच्या कारकीर्दींत तेथें होता. राजाच्या अंतःपुरांतील स्त्रियांचीं कामें सांगतांना, तेथें कुस्ती खेळणाऱ्या स्त्रिया होत्या, तशाच ज्योतिष सांगणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या व गाणाऱ्या होत्या, असें तो लिहितो. रॉबर्ट सिव्हेल यानें १९०० सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळें हें वर्णन सर्वांस सुलभ झालें. यांत नूनिशला विशेष आश्चर्य वाटलेलें दिसत नाहीं. हिशेबनीस आणि मल्ल यांची तो एका ओळींत वाट लावतो. याचें इंगित आमच्या मतें असें कीं, तेथें स्त्री स्त्रीशीं लढे, आणि तेंही वाड्याच्या भिंतींच्या आंत. स्त्रीच्या बळाविषयीं जनांत कुजबूज सुरू होते ती ती भिंतीबाहेर येऊन पुरुषाच्या समोर उभी राहते तेव्हां.

आणि अशी उभी राहिलेली स्त्री कथांतून सर्वत्र भेटते. मात्र तिच्या गळ्यांत बहुधा लग्नाचा पण अडकविलेला असतो. जैमिनीय अश्वमेधांतील स्त्रीराज्याची राणी प्रमीला अर्जुनाचा घोडा अडविते, त्याच्याशीं झुंजते आणि शेवटीं त्याचीच पत्नी होते. श्रीधरस्वामींमुळें ही कथा महाराष्ट्रांत घरोघर माहीत झाली. तिकडे मार्को पोलो कैदूखानाच्या कन्येची हकीकत सांगतो. जो मला कुस्तींत जिंकील त्यालाच वरीन, हरेल त्यानें १०० घोडे द्यावेत, अशी तिची अट. या अटीवर तिनें १०,००० हून अधिक घोडे मिळविले म्हणतात. आंकडा पोलोचा आहे, म्हणून वाचकांनीं तो हिंगाष्टकाच्या चिमटीएवढ्या सावधपणानें घ्यावा. कन्या मात्र ऐतिहासिक होती, तिचा उल्लेख फारशी इतिहासकार रशीदुद्दीन यानेंही केला आहे. आमच्याकडील वीर्यशुल्का कन्येच्या कल्पनेहून हा पण एका बाबतींत वेगळा आहे. वीर्यशुल्केचें मोल दुसऱ्या कोणाच्या वीर्यानें ठरतें. ती स्वतः धनुष्य उचलीत नाहीं. प्रमीला व कैदूची कन्या स्वतःच पणाचें धनुष्य आहेत.

या पार्श्वभूमीवर १९५४ चा पुकारा पुन्हा वाचावा. तो हमीदा बानूनें स्वतः योजिला कीं दंगलीच्या ठेकेदारानें? पंचानें निकालानंतर केलेला वरांच्या यादीचा विनोद, मोटारींवर व लॉऱ्यांवर फडके लावून शहरभर झालेला गाजावाजा, आणि परक्या देशांतील पत्रांनीं तेवढाच भाग नेमका उचलणें, यांवरून हा पण म्हणजे तिकीटविक्रीची युक्ति होती, असें आमचें मत झालें आहे. ठेकेदारानें प्रमीलेची कथा वाचलेली असण्याची गरज नाहीं. पुरुषाला चीत करणारी बाई लोकांच्या गळीं उतरवावयाची तर तिच्या शक्तीला लग्नाची चौकट द्यावी लागते, हें त्याला व्यवहारानें कळलेलें होतें. चौकट असली म्हणजे बाई लढते ती वर शोधण्यासाठीं, आणि एके दिवशीं कोणी तरी तिला हरवील, अशी प्रेक्षकांची सोय होते. बाईंनीं मात्र तोंवर ३०० हून अधिक कुस्त्या जिंकल्याचें सांगितलें जात होतें.

हमीदा बानू मूळच्या मिर्झापूरच्या. अलीगडला सलाम पहिलवान यांच्याकडे त्या शिकल्या, म्हणून अलीगड हें त्यांच्या नांवास चिकटलें. इंग्रजी पत्रांनीं त्यांना अलीगडची ॲमेझॉन हें बिरुद दिलें. ग्रीक पुराणांतील ॲमेझॉन म्हणजे लढाऊ स्त्रियांचें एक कल्पित राष्ट्र; आमच्या स्त्रीराज्याची ती पाश्चात्य बहीणच. धनुष्य ओढण्यास अडथळा नको म्हणून या स्त्रिया एक स्तन जाळीत, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ति ग्रीक लोकच सांगत. ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. परंतु लोकव्युत्पत्ति खोटी असली तरी लोकमताचा पुरावा म्हणून ती खरीच असते. बलवान स्त्री म्हणजे स्त्रीपणांतून कांहीं तरी कापून टाकलेली स्त्री, असा समज तींत गोठलेला आहे. तें बिरुद देणाऱ्या वार्ताहरांच्या मनांत हें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. शब्द मात्र आपलें ओझें घेऊनच प्रवास करतात.

त्या काळच्या वृत्तांत सर्वांत अधिक जागा अडविली आहे ती बाईंच्या देहानें व ताटानें. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. दिवसाकाठीं साडेपांच लिटरांहून अधिक दूध, पावणेतीन लिटर रस्सा, फळांचा रस, एक कोंबडी, किलोभर मांस, तितकेच बदाम, अर्धा किलोच्या आसपास लोणी, सहा अंडीं, दोन मोठ्या रोट्या, दोन थाळ्या बिर्याणी. नऊ तास झोंप आणि सहा तास मेहनत. मल्लाच्या खाण्याच्या गोष्टी आपल्याकडे नव्या नाहींत. गामा पहिलवानाच्या दुधा-बदामांचे हिशेब अजून सांगतात. परंतु गामाच्या ताटाची गोष्ट ऐकतांना ऐकणारा त्याची कुस्ती आठवतो. बाईंच्या ताटाची यादी वाचतांना वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कुस्ती येतच नाहीं. जत्रेंतल्या तंबूच्या बाहेरचा फलक येतो. कोणते पेंच त्या टाकीत, धोबीपछाड कीं ढाक, खालीं बसल्यावर निकाल कसा लावीत, याचा उल्लेख या बातम्यांत जवळजवळ नाहीं. इतिहासकाराला हेंच हवें होतें, आणि हेंच त्यांनीं सोडून दिलें.

बडोद्यासच आधीं नियोजित प्रतिस्पर्धी छोटा गामा होता. बडोद्याच्या राजघराण्याशीं त्याचा संबंध. ऐन वेळीं, मी बाईशीं लढत नाहीं, असें सांगून त्यानें माघार घेतली, म्हणून बाबा पहिलवानाचा नंबर लागला. बडोदें हें कांहीं साधें गांव नव्हे. गायकवाडांच्या आश्रयानें येथें मल्लविद्या नांदली, जुम्मादादांचा आखाडा येथला, प्रो. माणिकराव येथले, आणि दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनीं व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत येथूनच काढले. मल्लपुराण हा जेठीमल्लांचा ग्रंथही पुढें १९६४ सालीं बडोद्यासच छापला गेला. अशा गांवीं, जेथें आखाड्याचा शास्त्रार्थ ठाऊक असलेली माणसें गल्लोगल्लीं होतीं, तेथें छोट्या गामानें दिलेला नकार केवळ भ्याडपणा म्हणून सोडून देतां येत नाहीं. भीष्मानें शिखंडीवर बाण टाकला नाहीं तेव्हां त्यानें जें कारण दिलें त्याच घराण्याचें हें कारण आहे. त्यांत व्यवहारही आहेच : बाईला जिंकून कीर्ति नाहीं आणि हरल्यास गांवांत तोंड दाखवावयास जागा नाहीं. धर्म आणि धंदा यांनीं एकाच बाजूस ढकलल्यावर माणूस सहसा त्याच बाजूस पडतो.

याहून दहा वर्षें आधीं, १९४४ सालीं, मुंबईस झालेला प्रकार याच्या शेजारीं ठेवून पाहण्यासारखा आहे. तेथें हमीदा बानूची जोड गुंगा पहिलवानाशीं लावलेली होती आणि ती पाहण्यास सुमारें २०,००० लोक लोटले होते. गुंग्यानें ऐन वेळीं अधिक पैसे व तयारीला अधिक वेळ अशा न पेलणाऱ्या मागण्या घातल्या, आणि कुस्ती रद्द झाल्याचें जाहीर होतांच लोकांनीं मैदानाची मोडतोड केली. या २०,००० लोकांना बाई लढते याचा राग नव्हता; ती लढली नाहीं याचा राग होता. मुंबईचा हा जमाव आणि बडोद्याचा छोटा गामा यांच्यांत जें अंतर आहे तेंच प्रेक्षक व आखाडा यांच्यांतील अंतर होय. प्रेक्षकाला नवल हवें असतें. आखाड्याला आपली सोवळी माती सांभाळावयाची असते.

आतां पुण्याची गोष्ट. आणि ती सांगतांना आम्हांस फारसा अभिमान वाटत नाहीं. येथें रामचंद्र साळुंखे या पुरुष मल्लाशीं बाईंची कुस्ती ठरली होती. स्थानिक कुस्ती-संघानें हरकत घेतली आणि ती रद्द करावी लागली. दुसऱ्या एका प्रसंगीं बाईंनीं पुरुषास हरविल्यावर प्रेक्षकांनीं हुर्यो केली, दगडही फेंकले, पोलिसांस मध्यें पडावें लागलें, आणि वर्तमानपत्रांनीं एकंदर प्रकार म्हणजे सोंग असा शेरा मारला. याच दंगलींच्या कार्यक्रमांत एका लंगड्या मल्लाची एका आंधळ्या मल्लाशीं कुस्ती ठेवलेली होती, असें रोनोजॉय सेन यांनीं भारतीय खेळांवरील आपल्या इतिहासग्रंथांत नोंदविलें आहे. ही एक नोंद आम्हांस दहा अभिप्रायांहून अधिक बोलकी वाटते. ठेकेदाराच्या हिशेबीं बाई, लंगडा व आंधळा हे तिघे एकाच खात्यांतले होते.

बाई गप्प बसल्या नाहींत. मुंबई राज्याचे तेव्हांचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनीं दाद मागितली. त्यांना उत्तर मिळालें कीं, कुस्त्यांस बंदी केली ती स्त्री म्हणून नव्हे. ठेकेदार बाईंपुढें लटके मल्ल उभे करतात अशा तक्रारी आल्या म्हणून. या उत्तराची छाननी करणें प्राप्त आहे, कारण त्यावरच बाईंच्या साऱ्या कीर्तीचा निवाडा अवलंबून आहे.

लटक्या कुस्तीचा संशय त्या काळीं सर्वत्र होता. प्रतिस्पर्ध्याशीं आंतून संधान बांधून तो मुद्दाम पडत असे, असें बाईंविषयीं बोललें जाई. दिल्लीचे महेश्वर दयाल यांनीं नंतर, १९८७ सालीं, आपल्या पुस्तकांत हा प्रवाद नोंदविला, आणि त्याच ठिकाणीं बाई हुबेहूब पुरुष पहिलवानांप्रमाणें लढत, हेंही लिहिलें. ठेकेदार सोज्ज्वळ होते असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. ३०० जिंकलेल्या कुस्त्यांत कांहीं सजवलेल्या असणें अगदीं संभवनीय आहे. परंतु पुरुषांच्या धंदेवाईक दंगलींवरही नेमका हाच आरोप होता. किंगकाँग आणि दारासिंग यांच्या लढतींविषयीं आमच्या पिढीनें हीच कुजबूज ऐकली आहे. त्या दंगली त्यामुळें बंद पडल्या नाहींत, आणि दारासिंगाच्या बळाविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. आरोप एकच, पण एका ठिकाणीं तो ठेकेदारावर बसतो आणि दुसऱ्या ठिकाणीं मल्लावर. शिवाय, ठेकेदार लबाड असेल तर दंड ठेकेदारास व्हावा. येथें ज्याच्याविरुद्ध तक्रार तो सुटला आणि जिची भाकरी बुडाली ती बाई. मुख्यमंत्र्यांचें उत्तर खोटें होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तें खरें असूनही अपुरें होतें.

लटकेपणाच्या विरुद्ध एक पुरावा त्याच वर्षाचा आहे. मुंबईस व्हेरा चिस्टिलीन नांवाच्या रशियन स्त्रीमल्लास बाईंनीं एका मिनिटाच्या आंत हरविलें. येथें लाज राखण्याचा किंवा पडून दाखवण्याचा प्रश्न पुरुषाच्या बाबतींत असे तसा नव्हता, आणि लोकांनींही ही कुस्ती विनातक्रार मान्य केली. बाईला बाईनें पाडलें तर खरें, पुरुषाला बाईनें पाडलें तर लटकें, असा हा न्याय. पुरावा तपासण्याची ही रीत ज्या दिवशीं आपण सनदांना लावूं त्या दिवशीं महाराष्ट्रांतील निम्मीं वतनें खालसा होतील. उर्दू लेखिका कुर्रतुलऐन हैदर यांच्या ‘डालनवाला’ या कथेंतही हमीदा बानूचा उल्लेख आलेला आहे. घरगडी-मोलकरणींच्या बोलण्यांत ही बाई किती खोल उतरली होती याची ती साक्ष समजावी.

येथें पश्चिमेकडील दोन स्त्रियांचा उल्लेख करतों, तो केवळ तुलनेसाठीं. व्हिएन्नाजवळ १८८४ सालीं जन्मलेली काथारीना ब्रुमबाख ही सँडविना या नांवानें अमेरिकेंत बार्नम व बेली यांच्या सर्कशींत गाजली. ती आपल्या नवऱ्यास एका हातानें डोक्यावर उचली. न्यूयॉर्कमध्यें तिनें प्रत्यक्ष सँडोस वजन उचलण्यांत हरविलें व त्यावरून तें नांव घेतलें, अशी आख्यायिका सर्वत्र सांगतात. समकालीन कागदाचा आधार तिला नाहीं, आणि तिचा चेहराच जाहिरातीचा आहे. खरी गोष्ट याहून चांगली आहे : १९१२ सालीं त्या सर्कशींतील स्त्रियांनीं मतदानाच्या हक्कासाठीं मंडळ काढलें, त्याची ती उपाध्यक्ष होती. वार्ताहर मात्र तिला गांठून विचारीत ते नवऱ्याविषयीं व मुलाविषयीं. दुसरी वेल्समधील केट विल्यम्स उर्फ व्हल्काना. ती व तिचा जोडीदार ॲटलस हे रंगभूमीवर भाऊबहीण म्हणून वावरत; वस्तुतः ते दांपत्याप्रमाणें राहत व त्यांना मुलें होतीं. इतकें बळ असलेली बाई कोणाची तरी पत्नी आहे हें लोकांस सांगण्यापेक्षां ती कोणाची तरी बहीण आहे हें सांगणें सोयीचें ठरलें असावें. आमच्या इकडे विष्णुपंत छत्रे यांच्या १८८० च्या सर्कशीपासून मराठी सर्कशींतूनही स्त्रियांनीं धाडसाचे खेळ केले, आणि लोकांनीं ते पैसे देऊन आनंदानें पाहिले. खेळ म्हणून सर्व चालतें. सामना म्हटला कीं भुवया चढतात.

पुढें शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा निघाल्या. आखाड्याचा देह आणि सौष्ठवाचा देह यांत भेद आहे. एकाचें बळ मांसांत लपलेलें असतें, दुसऱ्याचें त्वचेखालीं कोरून दाखवावयाचें असतें. लोकमताचा विंचू मात्र दोन्ही ठिकाणीं एकाच जागीं नांगी मारतो. १९७९ सालीं लॉस एंजलिसला लिसा लायन जिंकली, १९८० सालीं फिलाडेल्फियास पहिला मिस ऑलिंपिया किताब रेचेल मॅक्लिश हिला मिळाला. दोघी सडपातळ होत्या, तोंवर सर्व कुशल होतें. १९८३ सालीं ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस लास व्हेगासच्या स्पर्धेंत उभी राहिली. तेथें जमलेल्या सर्वांत अधिक पीळदार देह तिचा होता, आणि तिला आठवा क्रमांक देण्यांत आला. स्त्रीनें स्नायु कमवावे, परंतु किती कमवावे, यावर परीक्षकांची जी वादावादी झाली ती १९८५ च्या एका चित्रपटांत टिपलेली आहे. पुढें २००४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय संघटनेनें स्त्री-स्पर्धकांनीं स्नायूंचा भार शेंकडा २० नें कमी करावा अशी सूचना काढली. सोनें तोलतांना भेसळ काढावयास सांगतात हें आम्हांस माहीत होतें. येथें सोनेंच कमी करावयास सांगितलें. मिस ऑलिंपिया स्पर्धा २०१४ नंतर बंद पडली व २०२० सालीं पुन्हा सुरू झाली.

अगदीं अलीकडील दोन प्रसंग नोंदवून ठेवतों, कारण ते एकाच महिन्यांतले आहेत. मार्च २०२३ च्या आरंभीं रतलाम येथें शरीरसौष्ठव-स्पर्धेंत स्त्री-स्पर्धकांनीं हनुमंताच्या प्रतिमेसमोर आपला देह दाखविला. त्यावरून राजकीय पक्षांत वाद पेटला, आणि विरोधकांनीं त्या जागीं गंगाजल शिंपडून हनुमानचालिसाचा पाठ केला. मानसोल्लासांतील मल्लगृहाचा उंबरठा सुमारें नऊशें वर्षांनींही जागच्या जागीं आहे, हें पाहून आम्हांस आश्चर्य वाटलें नाहीं. त्याच महिन्याच्या उत्तरार्धांत सांगली येथें पहिली महिला महाराष्ट्र केसरी कुस्ती झाली. प्रतीक्षा बागडी हिनें गदा जिंकली आणि ती खांद्यावर घेतली. गदा ही मारुतीचीच. त्या गदेवरून कोणी पाणी शिंपडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. बाईशीं बाई लढली, म्हणून हें सुकर झालें, असें कोणी म्हणेल. तें खरें आहे. तथापि पूर्वीं पुण्याच्या संघानें जी मैदानें एका बाईस नाकारलीं त्याच प्रांतांत बाईच्या कुस्तीस तिकीट लावून नव्हे तर मान देऊन बोलाविलें जातें, हेंही तितकेंच खरें.

हमीदा बानूंच्या उत्तरायुष्याविषयीं दोन परंपरा आहेत, आणि त्या जुळत नाहींत. सलाम पहिलवान यांच्या कन्येच्या सांगण्याप्रमाणें त्यांचा व बाईंचा विवाह झालेला होता, व ती त्यांस सावत्र आई मानी. बाईंच्या नातवाचें म्हणणें असें कीं, त्या एकत्र राहत परंतु विवाह कधींच झाला नाहीं, आणि आपले वडील हे बाईंचे दत्तक पुत्र. युरोपांत जाऊन लढण्याचा बेत बाईंनीं केला तो सलाम पहिलवानांस रुचला नाहीं, त्यांनीं काठ्यांनीं मारून बाईंचे हात मोडले, असें नातू व कल्याणचे शेजारी सांगतात. दोन्ही बाजू निकटच्या आहेत आणि दोन्हींचा संबंध गुंतलेला आहे. तेव्हां साक्षीदाराचा स्वार्थ कोठें हा नेहमींचा प्रश्न येथें उपस्थित होतो. विवाहाच्या बाबतींत आम्ही निर्णय देत नाहीं. मारहाणीच्या बाबतींत शेजाऱ्यांची साक्ष नातवाच्या साक्षीस मिळते, आणि शेजाऱ्यांस त्यांत मिळवावयाचें कांहीं नव्हतें. म्हणून ती आम्हांस ग्राह्य वाटते. जो हरवील त्याला वरीन, या पुकाऱ्याच्या मागें घरांत काय चाललें होतें याचा विचार करतां तो पुकारा पुन्हा वाचवत नाहीं.

त्यानंतर बाई कल्याणास राहिल्या. दुभतीं जनावरें ठेवून दूध विकणें व इमारतीचें भाडें यांवर त्यांचा चरितार्थ चाले. पैशाची ओढ लागली तेव्हां घरीं केलेला फराळ रस्त्याकांठीं बसून विकला. त्या १९८६ सालीं वारल्या. ज्या बाईस दिवसाला साडेपांच लिटर दूध लागतें म्हणून साऱ्या जगानें छापलें, तिनें अखेरीस दूध मापून दुसऱ्यांच्या भांड्यांत घातलें.

बाईंच्या मुंबई व पुणें येथील दंगलींचीं जाहिरातपत्रकें मराठींतूनही निघालेलीं असणारच. तीं सुटीं, पातळ कागदाचीं, आणि बहुधा पाठकोरीं असतात. पाठकोरा कागद आमच्या लोकांनीं कधीं फुकट घालविला नाहीं, म्हणून तीं हिशेबाच्या वह्यांच्या वेष्टनांत, पंचांगांच्या पुठ्ठ्यांत, कुंडल्यांच्या पाठीवर सांपडण्याचा संभव आहे. १९४० ते १९५५ या काळांतील असे कागद ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते उलटून पाहावेत, दोन्ही बाजूंची नक्कल घ्यावी, आणि मूळ कागद चिकटवलेला असल्यास तो ओला करून सोडविण्याच्या भरीस न पडतां मंडळाकडे पाठवावा.